जुन्या कागदांवरच्या तारखा शोधासाठी कशा साठवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडच्या तुमच्या वाचनालयाने सभांची इतिवृत्तं, बंदरावरच्या गलबतांच्या आवकजावकीच्या वह्या, पत्रं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं टंकून घेतली आणि ल्युसीन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या शोधप्रणालीत भरली. तारखा वहीत जशा होत्या तशाच अक्षरांत ठेवल्या. आता तारखेनुसार क्रम लावला की १-१०-१९६५ ची नोंद १-२-१९६५ च्या आधी येते. शिवाय काही कागदांवर नुसता महिना किंवा नुसतं साल आहे. तिथे सरळ १ जानेवारी टाकून मोकळं व्हावं का, असंही तुम्ही विचारलंय.

पहिली अडचण अर्ध्या दिवसात सुटेल. दुसरीकडे मात्र नीट बघायला हवं, कारण तिथे घाईने घेतलेला निर्णय पुढे हजारो नोंदींत मुरतो आणि मग कुठली तारीख कागदावरची आणि कुठली आपण घातलेली हे कोणालाच सांगता येत नाही. कागद तारखेबद्दल जेवढं सांगतो तेवढंच संगणकाला सांगायचं आणि तरीही क्रम व शोध बिनचूक यायला हवा, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचनालयांची, सहकारी सोसायट्यांची आणि देवस्थानांची दप्तरं शोधण्याजोगी करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जे लिहितो ते अशाच कागदांवरून.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. नोंदींना वेळ जोडलेली आहे की फक्त दिवस? शके किंवा तिथीच्या नोंदी किती? नोंदी काही हजार की काही लाख? तुमच्या वर्णनावरून मी धरून चालतो की वेळ नाही, तिथ्या थोड्या आहेत आणि नोंदी काही हजारांच्या घरात आहेत.

आधी क्रमाचं बघू. तारीख अक्षरं म्हणून साठवली की संगणक ती डावीकडून एकेक चिन्ह ताडत जातो. १-१०-१९६५ आणि १-२-१९६५ यांत पहिली दोन चिन्हं सारखी आहेत, तिसऱ्या जागी एकीकडे १ आणि दुसरीकडे २. निकाल तिथेच लागला, साल बघायची वेळच आली नाही. म्हणून मोठं एकक आधी लिहायचं: साल, मग महिना, मग दिवस, आणि प्रत्येकाची रुंदी ठरलेली. सालाला चार आकडे, महिन्याला दोन, दिवसाला दोन, कमी पडले तर पुढे शून्य. १ फेब्रुवारी १९६५ म्हणजे १९६५०२०१ आणि १ ऑक्टोबर म्हणजे १९६५१००१. आता अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच झाला. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकातही हाच क्रम आहे, मध्ये आडव्या रेघा घालून किंवा न घालता. मी शोधाच्या फील्डमध्ये (म्हणजे नोंदीतल्या त्या रकान्यात) रेघा घालत नाही. ते फील्ड चुकून साध्या मजकुराच्या प्रकारात गेलं तर रेघेपाशी तारखेचे तुकडे होतात आणि साल, महिना, दिवस असे तीन सुटे शब्द साठतात. फील्डचा प्रकार तुम्ही स्वतः सांगा, प्रणालीला अंदाज करायला लावू नका. ल्युसीनवर उभ्या असलेल्या दोन प्रणालींत त्याची नावं अशी: सोलरमध्ये 'स्ट्रिंग', इलास्टिकसर्चमध्ये 'कीवर्ड', म्हणजे मजकूर न तोडता अखंड साठवणारा प्रकार.

इथे मी आकडे देवनागरीत लिहितोय ते वाचण्यासाठी. इंडेक्समध्ये, म्हणजे प्रणाली शोधासाठी बनवते त्या सूचीत, मात्र एकच लिपी हवी, आणि ती इंग्रजी आकड्यांची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना दिलेल्या क्रमांकांत, देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्या बऱ्याच पुढे येतात. दोन्ही मिसळले तर क्रम लावल्यावर इंग्रजीत टंकलेल्या सगळ्या नोंदी आधी आणि देवनागरीतल्या सगळ्या नंतर, असे दोन वेगळे गट पडतात. एका गावात दोघांनी टंकन केलं असेल तर हे हमखास होतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत देवनागरी आकड्यांची संख्या आपोआप होते, जावास्क्रिप्टमध्ये होत नाही, म्हणून रूपांतर उघडपणे आणि सगळ्यात आधी करून घ्या. त्याच वेळी देवनागरी शून्य आणि संक्षेपाचं चिन्ह (डॉ॰ मध्ये येतं ते) यांची गल्लत तपासा. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी, पण संगणकाला ती वेगळी. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ९ यांची गल्लत होते ती कोणताही प्रोग्राम सोडवणार नाही. तिथे मूळ पानाचं छायाचित्र उघडून डोळ्यांनीच बघावं लागतं.

आता टाइमझोन. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, पण पुढचा घोटाळा इथेच होणार, म्हणून जरा थांबतो.

ल्युसीनमध्ये तारखेची स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची अखंड ओळ, करायला 'डेटटूल्स' नावाची सोय आहे. साल, महिना, दिवस, तास अशा कुठल्या बारकाव्यापर्यंत जायचं ते सांगितलं की ती तशी स्ट्रिंग देते, दिवसापर्यंत सांगितलं तर बरोबर आठ आकडी. सोय चांगली आहे, पण ती हिशोब ग्रिनिचच्या वेळेने करते. तुमच्या प्रोग्रामने '१७ जुलै १९४७' वाचताना भारतीय वेळेची मध्यरात्र धरली, तर ग्रिनिचच्या घड्याळात ती आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा असते. स्ट्रिंग बनते १९४७०७१६. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली. तुमच्या गावातलं कोणी आपल्या आजोबांचं नाव त्या दिवसाच्या कात्रणांत शोधायला आलं, तर त्याला त्या तारखेखाली काहीच मिळणार नाही. कागद पेटीत आहे, टंकलेला आहे, पण सापडत नाही. वेबपानावर जावास्क्रिप्टने तारीख बनवून 'टूआयएसओस्ट्रिंग' वापरलं तरी नेमकं हेच होतं. आपण ग्रिनिचच्या पूर्वेला असल्याने आपल्याकडची प्रत्येक मध्यरात्र तिकडे आदला दिवस असते, त्यामुळे चूक एखाददुसऱ्या नोंदीत न राहता सगळ्या नोंदींत होते. सगळंच एक दिवस मागे सरकलेलं असलं की क्रम बरोबर दिसतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर काही जण शेवटी साडेपाच तास मिळवतात. तसं करू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात घड्याळं काही काळ एक तास पुढे होती, आणि संगणकाच्या टाइमझोन-तक्त्यांत ती नोंद आहे. १९४३ मधल्या एखाद्या तारखेची मध्यरात्र ग्रिनिचमध्ये आदल्या दिवशीची साडेपाच होते. त्यात साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा होतात, आणि तारीख आदल्याच दिवशी राहते. १९०६ पूर्वीच्या तारखांना तर तक्त्यात साडेपाच तासांचा फरकच नाही, तेव्हा भारतीय प्रमाणवेळ सुरू व्हायची होती.

इतिवृत्तावरची तारीख हा एक दिवस आहे, घड्याळातला क्षण नाही. म्हणून तिला क्षणात बदलूच नका. साल, महिना, दिवस हे तीन आकडे वेगळे काढा, शून्यं लावा, एकापुढे एक ठेवा. जावामध्ये 'लोकलडेट' आहे, पायथॉनमध्ये नुसतं 'डेट' आहे, दोघांनाही टाइमझोन माहीतच नाही आणि तेच आपल्याला हवंय. जावात साचा लिहिताना सालासाठी लहान लिपीतला वाय वापरा. मोठा वाय लिहिला तर आठवड्यांच्या हिशोबाचं साल येतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांना पुढचं साल लागू शकतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: दिवस माहीत नसेल तर १ जानेवारी टाकावी का? नाही. 'इ.स. १९६५' एवढंच लिहिलेल्या कागदाला १९६५०१०१ दिलं की तो कागद १ जानेवारी १९६५ च्या शोधात खात्रीने येतो आणि ऑक्टोबरच्या शोधात कधीच येत नाही. दोन्ही खोटं आहे. कागद ऑक्टोबरचा असू शकतो, आणि ऑक्टोबर शोधणाऱ्याला तो दिसायला हवा.

दुसरा मोह म्हणजे स्ट्रिंग अर्धवट ठेवायची: ऑक्टोबर १९६५ साठी १९६५१०. क्रमात ती बरोबर जागी बसते, १ ऑक्टोबरच्या लगेच आधी. पण १९६५१००१ ते १९६५१०३१ असा शोध घेतला की ती निसटते, कारण अक्षरांच्या हिशोबात ती १९६५१००१ पेक्षा लहान आहे. दिवसाच्या जागी ०० टाकलं तरी तीच गत.

मी प्रत्येक नोंदीला दोन फील्ड देतो, 'पासून' आणि 'पर्यंत'. पूर्ण तारीख असेल तर दोन्हींत एकच किंमत. ऑक्टोबर १९६५ असेल तर १९६५१००१ आणि १९६५१०३१. नुसतं १९६५ असेल तर १९६५०१०१ आणि १९६५१२३१. 'सन १९६० च्या सुमारास' असं असेल तर किती वर्षं इकडेतिकडे धरायची ते संस्थेने एकदा ठरवून लिहून ठेवावं आणि सगळीकडे तेच पाळावं. शोध घेताना अट अशी: नोंदीचं 'पासून' शोधाच्या शेवटच्या तारखेपेक्षा मोठं नको, आणि नोंदीचं 'पर्यंत' शोधाच्या पहिल्या तारखेपेक्षा लहान नको. एवढ्याने दोन कालखंड कुठेही एकमेकांवर आले तर नोंद सापडते. क्रम लावताना आधी 'पासून' आणि बरोबरी झाली तर 'पर्यंत', म्हणजे नेमकी तारीख आधी आणि मोघम नंतर. काही जण महिन्याच्या शेवटासाठी ३१ किंवा ९९ सरसकट वापरतात, कारण स्ट्रिंगला ३१ फेब्रुवारीही चालते. मी खरा शेवटचा दिवस काढतो, लीप वर्षासकट. उद्या कोणी हेच फील्ड खऱ्या तारखेच्या प्रकारात नेलं तर ९९ तारीख तिथे अडकेल. तुम्ही सोलर वापरत असाल तर त्यात 'डेटरेंजफील्ड' आहे. त्याला अर्धवट तारीखही देता येते आणि कालखंडही, मग दोन फील्डची गरज उरत नाही. तरी क्रम लावण्यासाठी मी 'पासून' वेगळं ठेवतोच.

तिसरं एक फील्ड हवंच हवं: कागदावर जे अक्षरशः लिहिलंय ते. 'दि. १/१०/६५', 'भाद्रपद शु॥ ४', 'गुदस्ता शिमग्यात', जे असेल ते. वाचकाला निकालात हेच दाखवायचं, आठ आकडी किल्ली (वर बनवलेली स्ट्रिंग) नाही. किल्ली फक्त संगणकासाठी. मूळ लिखाण हाताशी असलं की उद्या आपला अर्थ चुकीचा निघाला तरी किल्ल्या पुन्हा बनवता येतात.

'१/१०/६५' वरून आठवलं, दोन आकडी सालं प्रोग्रामवर सोपवू नका. पायथॉन ६९ ते ९९ ला एकोणीसशेच्या घरात टाकतो आणि ०० ते ६८ ला दोन हजारांच्या. म्हणजे तुमचं ६५ साल २०६५ होईल आणि इतिवृत्त भविष्यात जाऊन बसेल. वहीचं पहिलं आणि शेवटचं पान बघून त्या वहीचं शतक ठरवा आणि ते वहीच्या माहितीतच नोंदवा. हा निर्णय नोंदीगणिक घ्यायचाच नाही.

आपल्या भागात चार आकडी साल दिसलं तरी हायसं वाटायचं कारण नाही. '१८७८' हे इसवी सन की शके? शके असेल तर ते १९५६-५७ होतं, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांचं अंतर. देवस्थानाच्या आणि कुटुंबांच्या कागदांत दोन्ही एकाच वहीत आढळतात. कागद, शाई, नाणी, माणसांची नावं यांवरून ठरवावं लागतं, आणि ठरलं नाही तर तसं चिन्ह लावून बाजूला ठेवावं.

शक्याचा इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते वर्षभर चालत नाही. शक पाडव्याला बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारण ७८ आणि माघ-फाल्गुनात ७९. पौषात दोन्ही शक्यता असतात. तपासायला दोन तारखा सगळ्यांना पाठ आहेत. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे १६७४: ७८ मिळवले. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १६३०: इथे ७९. पण तिथीवरून नेमका दिवस काढायला पंचांगच हवं. अधिक महिने, क्षय तिथ्या, वृद्धी तिथ्या यांचा हिशोब एका ओळीच्या सूत्रात मावत नाही. ऑनलाइन रूपांतर वापरत असाल तर ते अमान्त पद्धतीचं, म्हणजे आपल्यासारखा अमावास्येला महिना संपवणारं, आहे का ते बघा. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीत वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव लागतं, आणि तारीख महिनाभर सरकते. पंचांग हाताशी नसेल तर घाईने दिवस ठरवू नका, 'पासून' आणि 'पर्यंत' मध्ये त्या महिन्याला पुरेल एवढा रुंद कालखंड टाका आणि पुढे जा. नंतर कोणीतरी तो अरुंद करेल.

वरच्याच दोन उदाहरणांबद्दल एक खुलासा. ६ जून १६७४ आणि १९ फेब्रुवारी १६३० या ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय, पद्धतीच्या तारखा आहेत. ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या, पद्धतीने त्या १६ जून आणि १ मार्च येतात. तुमच्या रूपांतराने १६ जून दाखवलं तर तो प्रोग्रामचा दोष समजू नका. इंग्रजांनी १७५२ मध्ये पद्धत बदलली, त्यामुळे त्यापुढच्या कागदांना ही अडचण नाही. पेशवेकालीन पत्रांच्या नकला असतील तर त्यांवर सुहूर सन ही त्या काळची वेगळी वर्षगणना असेल. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगाला बदलतं.

सरकारी कागदांवरचा शक आणखी वेगळा. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. राजपत्रावर 'आषाढ १५, शके १९००' असं दिसतं त्यात तिथीचा संबंध नाही, महिने सौर आणि दिवस ठरलेले असतात. ती तारीख ६ जुलै १९७८ आहे, आणि हे रूपांतर प्रोग्रामने बिनधोक करावं. शुद्ध-वद्य लिहिलं असेल तर पंचांगाची, नुसता आकडा आणि सरकारी छाप असेल तर राष्ट्रीय, अशी मी विभागणी करतो.

बंदराच्या वह्या आहेत म्हणून अजून एक सुचवतो. आपल्याकडे लोक सालापेक्षा हंगामाने विचारतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेवटची गलबतं कधी लागायची, नारळी पौर्णिमेनंतर पहिलं कधी सुटायचं, हे सगळ्या सालांतून एकत्र बघायचं असतं. साल पुढे असलेल्या स्ट्रिंगला हे सहज विचारता येत नाही. म्हणून महिना-दिवसाची चार आकडी स्ट्रिंग वेगळ्या फील्डात ठेवा: १ जूनसाठी ०६०१. मग ०५१५ ते ०६१५ असा शोध घेतला की सगळ्या सालांतला तो महिना समोर येतो. नारळी पौर्णिमा तिथीने येते, म्हणून मराठी महिना माहीत असेल तर तोही स्वतंत्र फील्डात असावा. महिना-दिवसाचं फील्ड फक्त नेमक्या तारखेच्या नोंदींनाच द्या.

मग स्ट्रिंगच का, संख्या का नाही? कोणी तुम्हाला सांगेल की नव्या ल्युसीनमध्ये, म्हणजे २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून, संख्यांचे कालखंड शोधायची फार वेगवान सोय आहे. ते खरं आहे. तुमच्याकडे मिनिट-सेकंदांच्या लाखो नोंदी असत्या, समजा मासळी-लिलावाच्या यंत्रावरच्या, तर मीही तेच सुचवलं असतं. स्ट्रिंगबद्दलचं जुनं भय वेगळ्या कारणाने आहे. पूर्वी कालखंडाचा शोध म्हणजे त्यातल्या प्रत्येक वेगळ्या स्ट्रिंगची एक अट व्हायची, आणि अटींची मर्यादा १०२४ होती. दिवसापर्यंतच्या स्ट्रिंग असल्या तरी रोज एक नोंद धरून तीन वर्षांचा शोधसुद्धा त्यात मावत नसे. आता शोध तसा चालत नाही. त्याहून जुन्या ल्युसीनमध्ये १९७० पासूनचे मिलिसेकंद मोजून त्यांची स्ट्रिंग व्हायची, आणि १९७० च्या आधीच्या तारखा त्यात बसतच नसत. एखाद्या जुन्या लेखात ती रीत दिसली तर तुमच्या कागदांसाठी ती निरुपयोगी आहे. दिवसापर्यंतच थांबलं तर शंभर वर्षांत साडेछत्तीस हजारच वेगळ्या स्ट्रिंग होतात, तेवढ्या कुठलीही प्रणाली आरामात पेलते. आणि १९४७०७१७ हे वाचनालयातल्या माणसाला बघताक्षणी कळतं. चूक पकडणारा माणूस तोच असणार आहे, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

पूर्ण दप्तराला हात लावण्याआधी एकच वही घ्या, शक्यतो सगळ्यात गचाळ. तिच्यात मुद्दाम काही नोंदी असू द्या: २९ फेब्रुवारीची एक, ३१ डिसेंबरची एक, १९४३ ची एक, १९७० च्या आधीची आणि नंतरची एकेक, नुसत्या सालाची एक, देवनागरी आकड्यांची एक, शक्याची एक. इंडेक्स करा आणि प्रत्येक नोंद तिच्या स्वतःच्या तारखेने शोधून बघा, मग आदल्या दिवसाने शोधा. आदल्या दिवशी सापडली तर टाइमझोन कुठेतरी घुसलाय. सगळं जमलं की जुना इंडेक्स पुसून मूळ नोंदींवरून नवा करा. अर्ध्या नोंदी जुन्या पद्धतीच्या आणि अर्ध्या नव्या असा इंडेक्स एक दिवसही चालू ठेवू नका. वहीवरचं साल शक की सन हे ठरत नसेल तर त्या पानाचं छायाचित्र, आधीच्या व नंतरच्या दोन पानांसकट, मला दाखवा.